साष्टीचे फोटो, डॅलसचं कपाट

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेकडे पहिली गाडी सुटली. तिच्या थांब्यांची यादी आजच्या एखाद्या पासधारकाला वाचून दाखवली, तर तो निम्म्या नावांवर अडखळेल. नीला, बेरेवाला, पहाडी, अंदारू. नीला म्हणजे नालासोपारा, पहाडी म्हणजे गोरेगाव, बेरेवाला म्हणजे बोरिवली आणि अंदारू म्हणजे आपली अंधेरी. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि लिहिलेलं तसंच दप्तरात राहून गेलं.

उपनगरांचे जुने फोटो शोधायला बसलं की या वेड्यावाकड्या नावांचं मोल कळतं. गेल्या दोन-तीन दशकांत जगभरच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आपल्या कपाटांतले फोटो, अल्बम, पत्रं आणि विद्यार्थ्यांची नियतकालिकं स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आहेत. तिथे आजच्या स्पेलिंगने अंधेरी किंवा बोरिवली शोधली, तर एकोणिसाव्या शतकातलं जवळपास काहीच हाती लागत नाही. ‘सालसेट’ टाकलं की मात्र उपनगरांचं साष्टी बेट उघडतं. ‘केनेरी’ टाकलं की कान्हेरी आणि ‘वेहार’ टाकलं की विहार तलाव. आपल्या घरामागच्या डोंगराचा फोटो बघायला दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या उच्चारातून जावं लागतं.

आणि फोटो असतात तरी कुठे! अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आहे. त्याच्या डीगॉलियर ग्रंथालयात विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईत राहिलेल्या इंग्रजाचे ‘फोटोग्राफ्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे अल्बम आहेत. त्यातले फोटो 1855 ते 1862 या काळातले. एक खंड माणसांचा आणि वेशभूषांचा आहे, शिवाय देखावे आणि इमारतीही आहेत. ग्रंथालयाने ते स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर ठेवले, फ्लिकरच्या कॉमन्स विभागातही टाकले. मुलुंडला बसून, एक पैसाही न मोजता, 1857 च्या आगेमागे मुंबईत वावरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आपण बघू शकतो. मला ही गोष्ट आजही थरारक वाटते.

जॉन्सन एकटा नव्हता. 1854 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या फळीत तो होता. विल्यम हेंडरसनच्या जोडीने त्याने 1856 ते 1858 या काळात एक मासिक चालवलं. दर अंकात खरे फोटो चिकटवलेले. फोटो शाईने छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक अंकाच्या प्रत्येक प्रतीसाठी काचेच्या निगेटिव्हवरून उन्हात एकेक ठसा काढावा लागे. या मंडळींत आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे सोसायटीचे उत्साही सभासद आणि स्वतः फोटोग्राफर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले.

याच एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली होती. तिच्या मराठी शाखेकडून, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेकडून, 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागलं. मुंबईत विद्यार्थ्यांच्या सभेने चालवलेलं नियतकालिक आणि मुंबईतला फोटो ही दोन भावंडं एकाच घरात, पाच वर्षांच्या अंतराने वाढली. आपल्याकडे त्यांचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवला जातो, तो एकत्र वाचायला हवा.

आता त्या फोटोंकडे जरा निरखून बघू. त्या दशकात काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची, अशी रीत होती. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि मुंबईच्या उन्हात त्याहूनही कमी. कान्हेरीसारख्या ठिकाणी फोटो काढायचा म्हणजे काचा, रसायनं, पाणी आणि तंबू डोंगरावर चढवायचे. ब्रिटिश लायब्ररीतले कान्हेरीचे एकोणिसाव्या शतकातले फोटो बघताना फ्रेमबाहेरचे हमाल आठवले पाहिजेत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

ओल्या काचेला निळा रंग फार दिसायचा आणि लाल जवळपास दिसतच नसे. म्हणून या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं आणि झाडी काळीभोर. लाल पागोटं काळं उतरतं, कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं दिसतं आणि निळं लुगडं फिकट, जवळजवळ पांढरट होतं. तेव्हा जुन्या फोटोतल्या बाईने पांढरं नेसलंय असं वाटलं, तर लगेच निष्कर्ष काढू नये. तिच्या अंगावर गर्द निळं रेशीमही असू शकेल.

आणखी एक चमत्कार जॉन्सनने स्वतः केला. 1863 आणि 1866 मध्ये त्याने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. माणसांचे फोटो एका जागी काढलेले आणि मागचा देखावा दुसऱ्याच जागचा. आकृती वेगळी करून ती दुसऱ्या दृश्यावर बसवायची आणि एकसंध फोटो म्हणून छापायचा. संगणकाच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी हातांनी केलेली ही जोडणी आहे. डॅलसचा अल्बम आणि हे पुस्तक पडद्यावर शेजारी शेजारी उघडलं, की कोण कुठून उचलून कुठे उभं केलंय ते पकडता येतं. या दोन वस्तू दोन देशांतल्या दोन कपाटांत होत्या, तोवर ही तुलना मोजक्या तज्ज्ञांनाच शक्य होती.

इतकं मोठं चित्र आपल्या साध्या मोबाइलवर उघडतं कसं? ग्रंथालय फोटोची मूळ प्रत शेकडो मेगाबाइटची, काहीही न दाबता, न काटता जपून ठेवतं. आपल्याला दाखवायची प्रत वेगळी असते. ती लहानमोठ्या आकारांत बनवून चौकोनी तुकड्यांत कापलेली असते, आणि आपण जिथे बोटांनी मोठं करतो तिथलेच तुकडे तेवढे आपल्याकडे येतात. 2011 पासून अनेक मोठ्या ग्रंथालयांनी यासाठी एक सामाईक पद्धत ठरवली. तिला ‘ट्रिपल आय एफ’ म्हणतात. त्यामुळे एका संस्थेचा फोटो दुसऱ्या संस्थेच्या फोटोशेजारी ठेवून बघता येतो. मूळ फाइल बिघडली तर कळावं म्हणून तिच्यातल्या सगळ्या शून्य-एकांवर गणित करून एक छोटा आकडा काढून ठेवतात. ठरावीक काळाने तेच गणित पुन्हा करतात. एक जरी बिट बदललं असेल तर आकडा जुळत नाही, आणि मग दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीवरून फाइल दुरुस्त होते.

शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ मराठी वाचकांना मोल्सवर्थच्या कोशामुळे ठाऊक असेल. 1857 ची त्याची दुसरी आवृत्ती तिथे शब्द टाकून शोधता येते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा छायाचित्रसंग्रहही याच दारातून जगापुढे आला. 1965 मध्ये वाराणसीजवळ सुरू झालेलं हे काम पुढे गुरुग्रामला गेलं. देशभरातल्या मंदिरांचे, लेण्यांचे फोटो पद्धतशीर काढून प्रत्येकाची नोंद ठेवण्याचं व्रत त्यांनी घेतलं, आणि त्यात कान्हेरीही आहे. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरावर 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावं तारखांसकट कोरून ठेवली. हजार वर्षांनी ते लोक आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी नाव आणि तारीख दोन्ही लिहिलं.

माझ्या मते सगळी जादू इथेच आहे. स्कॅन हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे नोंद: कोण, कुठे, केव्हा, कुणी टिपलं. ग्रंथपाल याला मेटाडेटा म्हणतात. संगणकाला फोटोतला डोंगर कान्हेरीचा आहे हे आपोआप ठाऊक नसतं, कुणीतरी ते लिहावं लागतं. नोंद नसलेला फोटो लाखो फाइलींत असूनही सापडत नाही.

आनंदीबाई जोशी यांचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. 1885 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली अशा तिघी बसल्या आहेत. त्या कॉलेजचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे, आणि त्यांच्या लेगसी सेंटरने हा फोटो जगासाठी खुला केला. कल्याणची मुलगी एकविसाव्या शतकात पुन्हा जगभर फिरली ती त्यामुळे. फोटोसोबत तिघींची नावं आणि देश लिहिलेले होते. ती ओळ नसती, तर ते तीन वेगळ्या पोशाखांतल्या अनोळखी बायकांचं एक कुतूहलचित्र उरलं असतं. तिसऱ्या बाईंचं नाव आजही निरनिराळ्या स्पेलिंगने लिहिलं जातं. इतक्या गाजलेल्या फोटोची ही अवस्था, तर बाकीच्यांचं काय?

आता घरी येऊ. उपनगरांत कॉलेजं उशिरा आली. जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ 1930 चं, अंधेरीचं भवन्स 1946 चं, पार्ले कॉलेज, म्हणजे आजचं साठ्ये, 1959 चं. पवईच्या आयआयटीची पहिली तुकडी जुलै 1958 मध्ये वरळीला बसली, आणि पवईची कोनशिला पंडित नेहरूंनी 10 मार्च 1959 रोजी बसवली. घाटकोपरला लागून विद्याविहारचा सोमय्या परिसर उभा राहिला, मुलुंडला 1984 मध्ये केळकर-वझे. याच काळात मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकत होती. 1950 मध्ये ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. भातशेती, ताडमाड, मिठागरं आणि गावठाणं यांचं महानगर होताना ज्यांनी विशीत पाहिलं, ती या कॉलेजांतली मुलं होती.

त्यांनी ते लिहिलंही आहे, कॉलेजच्या नियतकालिकांत. वार्षिक अंक म्हणून निघणारे, इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती अशा विभागांचे, वर्षभरानंतर कुणी न उघडलेले ते अंक. त्यांत कविता असतात, प्राचार्यांचं मनोगत असतं, जिमखान्याचे आणि एनसीसीच्या शिबिराचे फोटो असतात. साहित्य म्हणून सगळंच थोर नसेल. पण कॉलेजपर्यंतच्या चिखलाचं, पहाटेच्या गाडीचं, गोरेगावच्या दूध वसाहतीत गेलेल्या सहलीचं वर्णन कुठल्या सरकारी अहवालात मिळणार? आणि मला सर्वांत लोभस वाटतात त्या शेवटच्या पानांवरच्या जाहिराती. टायपिंगचे क्लास, शिंपी, सायकलची दुकानं, खाणावळी, सहकारी बँका, सगळ्यांचे पत्ते आणि चार-पाच आकडी फोन नंबर. सलग वीस वर्षांचे अंक असतील, तर एका रस्त्याची बाजारपेठ कशी बदलली ते मांडता येईल.

हे अंक स्कॅन करणं डॅलसच्या अल्बमपेक्षा अवघड आहे, आणि अडचणी मोठ्या विलक्षण आहेत. जुन्या अंकांतले फोटो हाफटोन ब्लॉकवरून छापलेले असतात, म्हणजे ते बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात. स्कॅनरच्या रेघांची आणि त्या ठिपक्यांची गाठ पडली की चेहऱ्यांवर लाटा उमटतात. त्या घालवण्यासाठी योग्य रेझोल्यूशनला स्कॅन करून मग ठिपके हळुवार विरघळवावे लागतात. ब्लॉक बनवायला दिलेला मूळ फोटो एखाद्या कपाटात उरला असेल तर तो सोन्याच्या मोलाचा. इथे एक उलटा न्याय दिसतो. साठच्या दशकातले कृष्णधवल फोटो चांदीचे, म्हणून नीट राखले तर टिकतात. 1975-85 मधल्या स्नेहसंमेलनांचे रंगीत फोटो मात्र निळसर रंगद्रव्य विझून लालभडक होत चालले आहेत, तेही अंधाऱ्या अल्बममध्ये, कुणी न बघता.

मजकुराची तर वेगळीच कथा. पान स्कॅन झालं की ते संगणकाला नुसतं चित्र असतं. त्यातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर बनवायचा, तर देवनागरीची शिरोरेखा आडवी येते. रोमन लिपीत अक्षरं सुटी उभी असतात, आपल्याकडे ती एका रेघेला लटकतात, वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर मात्रा उडालेली असते. आता टेसरॅक्टसारखी मोफत प्रणाली मराठी वाचते आणि स्वच्छ छपाई चांगली वाचते. तरीही शोध फसतो, कारण मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. इस्माईल युसुफ किंवा भवन्सच्या 1950 च्या अंकात ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’ असणार. आज आपण ‘नाव’ टाकून शोधतो आणि यंत्र सांगतं, काही नाही. दोन्ही रूपं एकच आहेत हे शोधयंत्राला शिकवावं लागतं. अंदारू आणि अंधेरीचंही तेच.

नव्वदच्या दशकातले अंक सोपे असतील असं वाटेल, कारण ते संगणकावरच जुळवलेले. खरी धोक्याची पानं तीच आहेत. तेव्हाच्या श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर दिसतो तो निव्वळ कचरा. 1862 चा काचेवरून काढलेला फोटो आपण वाचू शकतो आणि 1996 चं संपादकीय वाचू शकत नाही! नशिबाने कागदी प्रत असते. ही कोंडी फोडणाऱ्या युनिकोडच्या देवनागरीला विंडोजवर चेहरा मिळाला तो ‘मंगल’ या फॉन्टमुळे. त्याचे कर्ते र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं आणि पुढे जुहूच्या एनसीएसटी या संगणक-संशोधन संस्थेत काम केलं. आपल्या पडद्यावर मराठी दिसू लागली, त्यात पवई आणि जुहूच्या टेबलांचा मोठा वाटा आहे, हे उपनगरवासीयांना अभिमानाने सांगावंसं वाटतं.

काम कसं करावं याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले दुर्मीळ ग्रंथ आणि ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’सारख्या नियतकालिकांचे अंक स्कॅन करून कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह आहे. आणि बोरिवलीच्या पुढच्याच स्थानकावर, दहिसरला, ‘स्पॅरो’ आहे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी 1988 मध्ये स्थापन केलेला हा स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह. नीराबाईंनीच 1974 मध्ये एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं होतं. स्पॅरोने फोटो गोळा केले तसे त्या बायकांना बोलतंही केलं. फोटोतली व्यक्ती स्वतः सांगते आहे, ती कोण आणि तेव्हा काय चाललं होतं. यापेक्षा अस्सल नोंद कुठली?

उपनगरांतल्या कॉलेजांसाठी हीच वाट आहे, आणि तिला मुदत आहे. 1960 साली पार्ल्यात किंवा जोगेश्वरीत विशीत असलेली मंडळी आज ऐंशीच्या पुढे आहेत. ग्रुप फोटोतल्या तिसऱ्या रांगेतला तो उंच मुलगा कोण, हे त्यांनाच सांगता येईल. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं सगळं भिजलं. अल्बम बहुधा खालच्याच कप्प्यात असतात.

तर कपाट उघडलंत की एवढं करा. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. कोरड्या, स्वच्छ हातांनी कडांना धरा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. नावं डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून, शिपाई आणि कँटीनवाले मामा धरून. बाईंचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही, कारण कॉलेजच्या अंकात पहिलं असेल आणि निमंत्रणपत्रिकेत दुसरं. साल आठवत नसेल तर ‘साधारण 1968’ असं लिहा, कोरं सोडू नका. जागेचं तेव्हाचं नाव आणि आजचं नाव, शेजारी शेजारी. फोटो कुठल्या स्टुडिओने काढला तेही, शिक्का असेल तर तसाच. मग मोबाइलने मागची बाजूही टिपा, आणि फाइलला आपोआप आलेला आकडा पुसून तिथे गाव, प्रसंग आणि साल घाला.